डोळे बाकी आहेत

नकल्या सकाळी दाढी करून आला आणि दुपारी पुन्हा दाढी करायला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने हातातला ब्रश खाली ठेवला.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"दिवसातून दोनदा दाढी कुठलाही नवरा बायकोसाठी करत नाही. आणि तुम्ही तर आपल्या लग्नातसुद्धा खुंट वाढवून उभे होतात."

"अगं, धंद्याचं काम आहे."

"गालावर कसला धंदा?"

नकल्याने टोपी घातली आणि सटकला. गाल आधीच लाल झाले होते, आता त्यांवर पुन्हा वस्तरा फिरणार होता. पण इलाज नव्हता. त्याला एक चेहरा जवळून बघायचा होता, आणि तो चेहरा फक्त खालच्या आळीच्या सलूनमध्ये स्वस्थ बसायचा.

आता हा नकल्या कोण, ते सांगायला हवं. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावरचे केस कायमच्या रजेवर, आणि अंगात खोड्या अशा की शाळेतल्या पोरांनी शिकवणी लावावी. लहानपणी मास्तरांच्या नकला करायचा म्हणून नकल्या. मोठेपणी मातीत नकला करायला लागला म्हणून नाव तेच राहिलं. बिल्डरांना इमारतींची मॉडेल्स, दातांच्या डॉक्टरांना डोक्याएवढे जबडे, शाळांना कापलेला ज्वालामुखी, असं काय वाटेल ते करून द्यायचा. वरच्या आळीत रस्त्याला लागून त्याचं दुकान होतं, मागे घर. दुकानाला मोठी काच. तारेचा सांगाडा, माती, साचा, प्लास्टर हे त्याचं काम, रंग बायकोचा. तिचा हात असा, की मातीच्या गालावर तिने ब्रश टेकवला की तो गाल आता लाजतो की काय असं वाटायचं.

दुकानाचा एक नियम होता आणि तो बायकोचा होता. डोळे शेवटी रंगवायचे. तेही मनाने नाही, कुठल्यातरी जिवंत माणसाच्या डोळ्यांकडे बघून. आणि डोळे झाल्याशिवाय माल दुकानाबाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही.

तर गावाच्या संग्रहालयाने नकल्याला मोठं काम दिलं होतं. झऱ्याची लढाई. टेबलभर देखावा, वीतवीतभर उंचीचे सैनिक, मधे झरा, झऱ्याला दगडी बांध.

ही लढाई कधीची, कुणालाच नीट माहीत नव्हतं. पणजोबांच्याही पणजोबांच्या वेळची. पण भांडण मात्र काल झाल्यासारखं ताजं होतं. वरच्या आळीत विचारलं, तर म्हणायचे, झरा आमच्या प्रार्थनाघराच्या पायातून निघायचा, देवाचं पाणी होतं, ते राखायला आमचे लोक मेले. खालच्या आळीत विचारलं, तर म्हणायचे, गढीवरच्या सरदाराने पाटाचं पाणी आम्हाला शब्दावर दिलं होतं, आमचे लोक त्याच्या शब्दासाठी उभे राहिले आणि मेले. आणि त्या रात्री बांध कुणी फोडला? वरचे म्हणायचे खालच्यांनी. खालचे म्हणायचे वरच्यांनी, आणि वर आळ आमच्यावर.

संग्रहालयाच्या मॅडमनी जुने कागद चाळले होते. नकल्याला काम समजवायला आल्या, तेव्हा स्टुलावर बसून चहा फुंकत म्हणाल्या, "दोघंही खरं सांगतात हो. एकांची श्रद्धा खरी, दुसऱ्यांचं इमानही खरं. पण दोघंही एक सांगत नाहीत. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. झरा करंगळीएवढा झाला होता. आदल्या वर्षांत हेच देव होते, हाच सरदार होता, आणि दोन्ही आळ्या एकाच दगडावर कपडे धूत होत्या."

"मग तहानेवरून मारामारी झाली म्हणा की."

"तहानेसाठी मेलो असं कोण सांगेल नातवंडांना? देवासाठी, शब्दासाठी मेलो, असं सांगायला बरं वाटतं. आणि ते खोटंही नसतं." मॅडम हसल्या. "बांधापाशी मात्र कुणालाच उभं करू नका. फोडला कुणी ते ठाऊक नाही. जुना होता, आपला आपण खचला असेल."

नकल्याने मान डोलावली. पण त्याच्या डोक्यात एक किडा वळवळला. बांधापाशी एक जागा मोकळी होती.

कारण नकल्याची बायको खालच्या आळीची.

आता झरा आटून नळ आले होते, पण भांडण नळातूनही येत होतं. ज्या वर्षी पाइप टाकले त्या वर्षी मोठ्या टाकीची जागा वरच्या आळीने मिळवली. खालच्या आळीत महिनाभर बोंबाबोंब. आणि नेमकी त्याच वर्षी ही बाई नकल्यावर भाळली. तिचा धाकटा भाऊ तेव्हा मिसरूड फुटलेला. आईबाप नव्हते, हिनेच त्याला वाढवलेला. तो उंबऱ्यात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आपलं पाणी अडवणाऱ्यांच्या घरात तू जाणार असशील, तर मी तुझ्या सुखाला येणार नाही आणि दुःखालाही येणार नाही. शपथ."

ती गेली. त्यानेही शपथ पाळली. माणूस हट्टी, पण शब्दाचा पक्का. सगळी खालची आळीच तशी, त्याला कोण काय करणार?

आणि गंमत बघा, नोकरी कसली मिळाली त्याला? पाणी सोडायची. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी, वर आडवा दांडा. आळीआळीत फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालून फिरवायची, की त्या आळीला पाणी. गाव त्याला चावीवालाच म्हणायचं. रोज सकाळी तो नकल्याच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, झाकणापाशी उभा राहायचा. रोज. काचेकडे पाठ करून.

पहिली काही वर्षं बायको बाहेर जायची, हाक मारायची. तो झाकण लावून चालू पडायचा. मग तिनेही सोडलं. तीही त्याच आळीची ना! फक्त दारात उभी राहायची. आणि अलीकडे तिच्या डोळ्यांचं असं झालं होतं, की जवळचं राईएवढंही दिसायचं, पण लांबचं सगळं ओल्या रंगासारखं पसरायचं. चष्मे बदलून झाले. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच दिसणार.

एकदा सैनिकांच्या कानांना रंग लावता लावता ती सहज म्हणाली, "मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय हो. शर्ट दिसतो. चावी दिसते. वर नुसता एक डाग."

सहज म्हणाली आणि पुढचा कान घेतला. नकल्या मात्र त्या दिवशी जेवताना एकही विनोद करू शकला नाही. बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला.

तर हा सगळा दाढीचा मामला. चावीवाला सकाळच्या पाळीनंतर सलूनमध्ये जायचा, दुपारी झोपायलाही तिथेच, पंख्याखालच्या खुर्चीत. नकल्या शेजारच्या खुर्चीत बसून आरशातून त्याला न्याहाळायचा. नाकाचा उंचवटा. हनुवटीतली खळी. डाव्या भुवईवर एक जुना व्रण. हाताची बोटं खिशात मातीच्या गोळ्यावर चालायची.

सलूनवाला खालच्या आळीचा चालताबोलता रेडिओ. दुसऱ्या दाढीला त्याने विचारलं, "आता काय कापू? चामडं?"

"मिशी काढ," नकल्या आरशातून नजर न हलवता म्हणाला.

"मिशी? नक्की?"

"काढ रे."

पोरवयापासूनची मिशी होती. गेली. पण तेवढ्या वेळात भुवई नीट बघून झाली.

घरी आल्यावर बायकोने त्याच्या ओठांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "जी कोण असेल ती, तिलाच लखलाभ असो."

मूर्ती झाली. नकल्याच्या आयुष्यात इतकी चांगली मूर्ती झाली नव्हती. वीतभर चावीवाला, अंगात खालच्या आळीचा निळा अंगरखा, आणि हातात... हातात पहार. नकल्याने त्याला दगडी बांधापाशी उभा केला, पहार उगारलेली, बांध फोडताना.

बायकोने रंगासाठी मूर्ती हातात घेतली. आधी बघितलंच नाही, अंगठा फिरवला. नाकावरून, हनुवटीवरून. अंगठा खळीत थांबला.

नकल्या उगाच साचे पुसत बसला.

"पहार का दिलीत त्याला?" तिने विचारलं.

"बांध फोडतोय ना."

"मॅडम म्हणाल्या, तिथे कुणी नको."

"मॅडमच्या टेबलावर नाहीच जाणार हा. आपल्या काचेत राहील."

तिने नवऱ्याकडे बघितलं. ही बाई त्याच्याबरोबर इतकी वर्षं राहिली होती. त्याच्या खोड्यांचा वास तिला जिन्यावरून यायचा. पण तिने निळा रंग कालवायला घेतला. डोळ्यांच्या जागा तेवढ्या पांढऱ्या ठेवल्या.

नकल्याचा हिशेब सोपा होता. मेहुण्याने शपथ घेतली होती सुखाला येणार नाही, दुःखाला येणार नाही. घरात बारसं झालं, आला नाही. नकल्याची आई गेली, आला नाही. बरोबर आहे, शब्द म्हणजे शब्द. पण भांडायला येणार नाही, असं तो कधी म्हणाला होता?

दुसऱ्या दिवशी सगळा देखावा काचेमागे मांडला आणि नकल्या सलूनमध्ये गेला. काढायला आता भुवयाच उरल्या होत्या. खुर्चीत बसून हळूच म्हणाला, "तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. बांध फोडणारा मी तुमच्या चावीवाल्याच्या तोंडाचा केलाय."

सलूनवाल्याने छातीवर हात ठेवला. "माझ्या तोंडून? शब्दसुद्धा जाणार नाही."

नकल्या गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत खालची आळी पेटली होती.

आणि इथे आपल्या हुशार माणसाचं गणित चुकलं. त्याला वाटलं होतं, मेहुणा एकटा येईल. तणतणत येईल, दोन शिव्या देईल, चहा घेईल.

सकाळी वरच्या आळीला पाणी आलंच नाही.

बादल्या घेऊन बायका दारात. टेलरकाका, म्हणजे वरच्या आळीचे स्वयंघोषित पुढारी, गळ्यात मापाची टेप घालून रस्त्यात. "कुठे मेला तो चावीवाला?" तो मेला नव्हता. येत होता. खांद्यावर चावी, आणि मागे अख्खी खालची आळी.

काचेसमोर येऊन थांबला. वाकून बघितलं. स्वतःच्या वीतभर चेहऱ्याकडे, हातातल्या पहारीकडे. मान वर केली तेव्हा कानशिलं लाल झाली होती.

"ए मातीवाल्या! बाहेर ये!"

नकल्या दारात आला, हसत. "या, या. बसा."

"मी चोर? माझे बापजादे चोर? बांध आम्ही फोडला?"

"मग कोणी फोडला? आम्ही?" टेलरकाका मागून गरजले. "देवाच्या पाण्याला आमची माणसं हात लावतील?"

"देवाचं पाणी, मग बिल का येतं?" खालून कुणीतरी ओरडलं.

"आमच्या लोकांनी सरदाराचा शब्द राखला!" सलूनवाला. त्याच्या हातात अजून साबणाचा ब्रश होता.

"सरदार मेला, शब्द मेला, आता पाणी सोडा! पोरं शाळेत पारोशी जायची का?"

"आधी तो पुतळा फोडा!"

कुणी कुणाला ढकललं कळलं नाही. गर्दी दुकानात घुसली, कुणाचं तरी कोपर टेबलाला लागलं, आणि सैनिकांची एक रांग धडाधड आडवी झाली. एकाचं मुंडकं सुटून फरशीवर गडगडत गेलं आणि टेलरकाकांच्या चपलेशी थांबलं.

नकल्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. टेबलावर महिनाभर खपून जे मांडलं होतं, तेच समोर चपला घालून उभं होतं. इकडे देव, तिकडे शब्द, मधे कोरडा नळ. उगारलेल्या वस्तूंमध्ये टेलरकाकांची कात्री होती, आणि ती मातीची नव्हती. एका माणसाला घरात आणायला गेलो आणि हे काय करून बसलो, असं त्याच्या मनात आलं.

"भांडायचं असेल तर आत येऊन भांड."

आवाज मोठा नव्हता. बायको आतल्या दारात उभी होती, पदराला निळा रंग. बाकी कुणाकडे तिचं लक्ष नव्हतं. उंबऱ्याबाहेर, गर्दीच्या मागे, जिथे नुसता एक डाग दिसत होता, तिकडे बघून ती बोलत होती.

सगळं दुकान माणसांनी भरलं होतं. एकटा चावीवाला मात्र अजून बाहेरच होता. दोन्ही आळ्या त्याच्यावरून भांडत आत शिरल्या होत्या, आणि तो उंबऱ्याशी अडकून उभा.

"मी शपथ घेतलीय," तो म्हणाला. आवाज एकदम पोरासारखा झाला.

"सुखाची आणि दुःखाची," नकल्या पुढे सरसावला. "भांडणाची नव्हती. मी स्वतः ऐकलंय, दारामागे होतो."

चावीवाल्याने त्याच्याकडे बघितलं. मग काचेतल्या पुतळ्याकडे. मग पुन्हा नकल्याच्या उघड्याबोडक्या ओठांकडे. डोक्यात काहीतरी जुळत होतं. मग त्याने चावी भिंतीला टेकवली, उंबऱ्यावरून पाय आत टाकला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी भांडायला आलोय!"

"भांड. पण उजेडात उभा राहा."

लोक बाजूला झाले. तिने त्याची हनुवटी धरली, खिडकीकडे वळवली आणि चेहरा इतका जवळ नेला, की चष्मा त्याच्या नाकाला लागला. तो भांडत नव्हता. श्वाससुद्धा जपून घेत होता.

"नाक चुकवलंत," ती नवऱ्याला म्हणाली. "उंचवटा एवढा नाही. आणि हे काय रे? भुवईवर?"

"झाकण लागलं होतं. पाच-सहा वर्षं झाली."

"पट्टी कुणी बांधली?"

"मीच."

"वेडीवाकडी बांधलीस. म्हणून राहिला व्रण." तिने अंगठा त्या व्रणावर ठेवला. "केस पांढरे झाले की रे ठोंब्या. बाबांसारखे, कानांवरून आधी."

त्याने कान दिसावेत म्हणून मान थोडी वळवली.

टेलरकाकांना मात्र हे असलं चालत नव्हतं. "ते भाऊबहिणीचं नंतर बघा! आधी पाणी! आमच्या आळीला पाणी रोज जास्त वेळ येतं, ते उगाच नाही. झरा आमचा, म्हणून जुना हक्क आहे आमचा!"

नकल्याची बायको हसायला लागली. हनुवटी न सोडता.

"काका, तो हक्कबिक्क काही नाही. मी पिंप भरते. भरलं की वर पत्र्याचं झाकण टाकते, खणकन. ते ऐकू आलं की हा चावी फिरवून पाणी बंद करतो. मातीकामाला पाणी जास्त लागतं ना, म्हणून माझं पिंप मोठं. तेवढा वेळ सगळ्या आळीला पाणी मिळतं. एकदा ताप होता, मी उठलेच नाही, झाकण टाकलंच नाही. आठवतंय? दुपारपर्यंत नळ वाहत होते."

आठवत होतं. त्या दिवशी वरच्या आळीने गालिचे धुतले होते.

नकल्या बायकोकडे बघतच राहिला. ते खणकन रोज त्याच्या उशाशी व्हायचं. त्याला वाटायचं, बाई मुद्दाम झोपमोड करते. इतकी वर्षं त्याच्याच घरात दोघं रोज बोलत होती, आणि हा जगाच्या नकला करणारा पांघरूण डोक्यावर ओढून घोरत होता!

"म्हणजे," सलूनवाल्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, "आमच्या वाट्याचं पाणी तू वर सोडत होतास?"

आता अख्खी खालची आळी त्याच्याकडे रोखून बघायला लागली. चावीवाल्याने बहिणीच्या हातातून चेहरा सोडवून घेतला आणि आपल्या माणसांकडे वळला.

"हो," तो म्हणाला. "माझी ताई आहे ती. माती मळायला पाणी लागतं."

"आम्हाला सांगायचंस तरी! आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

"म्हणाला असतात."

सलूनवाल्याने विचार केला. "हो, म्हणालो असतो." मग पुटपुटला, "पण माझी बहीण असती तर मीही सोडलं असतं. आणि मला तर चावीसुद्धा देत नाहीत."

ओशाळून तो खाली वाकला, पडलेले सैनिक गोळा करायला. एक निळ्या अंगरख्यातला उचलला, फुंकर मारली, आणि डोळे बारीक केले.

"टेलरकाका, तुम्ही आमच्या बाजूने कधीपासून?"

"काय?"

"हे बघा ना. निळ्या कपड्यात तुम्हीच."

काकांनी मूर्ती हिसकावून घेतली. खरंच, तेच होते. चिडलेले डोळे, एक भुवई वर. आणि समोर वरच्या आळीच्या रांगेतही तेच, त्याच रागाने स्वतःवर भाला रोखून.

"डोळे जिवंत माणसाचे लागतात," बायको म्हणाली. "मला दिसतात ती एवढीच माणसं, दुकानात येणारी. दोन्हीकडे तीच लावली. तुम्ही तर काका सात-आठ ठिकाणी असाल. रोज येऊन बसता ना."

आधी एक बाई हसली, बादली घेऊन उभी असलेली. मग सलूनवाला. मग जो तो टेबलावर वाकून स्वतःला शोधायला लागला. पोस्टमन दोन्हीकडून मेलेला सापडला. टेलरकाका गंभीरपणे एवढंच म्हणाले, "निळा मला शोभत नाही. पण शिवण चांगली दाखवलीय." आणि कात्री खिशात गेली.

चावीवाला बाहेर गेला. झाकण उचललं, चावी घातली, फिरवली. आळीभर नळ खोकले, खाकरले आणि सुटले. लोक बादल्यांकडे धावले. खालची आळी जाता जाता बजावून गेली, की आम्हालाही तेवढाच वेळ पाहिजे, आणि वरची आळी म्हणाली, बघू. शिव्या दोन्हीकडून होत्या, पण आता त्यांना चव होती. पुढे किती दिवस ते चाललं, ते सांगत बसलो तर संपायचं नाही.

चावीवाला रस्त्यापलीकडे उभा होता. पण आज पाठ काचेकडे नव्हती.

आतून आवाज आला, खणकन.

संग्रहालयाचं काम वेळेवर गेलं. न्यायला आलेल्या मॅडमनी एकेक सैनिक बघितला, खूश झाल्या. मग त्यांना खिडकीतला एकटा निळा दिसला. त्याच्या हातातल्या पहारीवर बायकोने वरून एक आडवी काडी चिकटवली होती.

"हे काय आहे? चावी? अहो, त्या काळात पाण्याची चावी कुठून येणार?"

"तो देखाव्यातला नाही, मॅडम," बायको म्हणाली. "आणि तसाही अजून तयार नाही. डोळे बाकी आहेत."

डोळे बाकी आहेत, त्याला आता बरेच दिवस झाले. हे डोळे म्हणे फार अवघड आहेत. एक दिवस उजेड कमी असतो, एक दिवस रंग जास्त पातळ होतो, एक दिवस झालेलं सगळं ती पुसून टाकते आणि म्हणते, "उद्या पुन्हा बघू." ज्या बाईने दोन अख्ख्या सैन्यांचे डोळे महिन्याभरात संपवले, तिला एका भावाचे दोन डोळे जमत नाहीत! नकल्याने यावर पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा तिने अशी नजर टाकली, की तो मुकाट्याने चहा टाकायला गेला. आयुष्यभर खोड्या करून त्याला एवढं कळलं होतं, की आपल्यापेक्षा सरस खोडी चालू असेल तर मधे बोलायचं नसतं.

रोज पाणी सोडून झालं, खणकन झालं, की चावीवाला रस्ता ओलांडतो. चावी भिंतीला टेकवतो. उंबऱ्यावर थांबतो, कारण शब्द म्हणजे शब्द.

"भांडायला आलोय," तो सांगतो.

"बस," ती म्हणते आणि स्टूल खिडकीकडे सरकवते.

"दाजी, साखर कमी," तो आत ओरडतो, आणि उजेडाकडे तोंड करून बसतो.